पारूबाईची धुरी

आमच्या गावात माणूस विनाकारण मरत नाही. म्हातारा गेला तर वय झालं म्हणून जातो, तरणा गेला तर त्यानं कुणाचं तरी ऐकलं नाही म्हणून जातो, आणि बाळंतीण गेली तर सातव्या महिन्यात तिनं काय खाल्लं होतं हे शेजारणीला अगदी बरोबर आठवतं. कारण हाती लागलं की लोक निवांत घरी जातात, जेवतात, झोपतात. मी या गावात वीसेक वर्षं शाळा शिकवली. पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवता आली, पण ‘माहीत नाही’ हेसुद्धा एक उत्तर असतं, हे काही शिकवता आलं नाही. पोरांना नाही आणि त्यांच्या बापांनाही नाही.

आकाराम माझा चुलत भाऊ, वयानं माझ्याहून थोडा मोठा. फौजेत हवालदार होता. एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीवर गावी आला तेव्हा चाळिशीचा होता, आणि तब्येतीनं असा की ज्वारीचं पोतं एकट्यानं उचलून माळ्यावर टाकायचा. विडीकाडीचं व्यसन नाही. सकाळी उसाला पाणी, संध्याकाळी तालमीत पोरांकडून जोर-बैठका. कवायतीच्या मैदानावरचा आवाज त्यानं घरीही आणला होता, त्यामुळे त्यांच्याकडे आज कालवण काय आहे हे अर्ध्या आळीला कळायचं. बायको पारूबाई पाटणच्या वरच्या अंगाची, कोयनेच्या खोऱ्यातली. बोलायला अगदी कमी. नवऱ्याच्या त्या आवाजात तिचं न बोलणं खपून जायचं. घरात आणखी आकारामची आई राहीबाई, जिला मी थोरली आई म्हणायचो, आणि एकुलती एक लेक शालू. धाकटा भाऊ दादासो शेजारीच वेगळा राहायचा.

चौऱ्याहत्तर साली, संक्रांतीच्या थोडं आधी, शालूची सुपारी फुटली. मुलगा मानसिंग, तोही फौजेत, लोणंदच्या अलीकडच्या एका गावचा. त्याचे वडील नाथाजी घरचे बरे, बोलण्यात बेताचे. मानसिंगला वैशाखात सुटी मिळणार होती, तेव्हा लग्न धरायचं ठरलं. शालू सातवीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकली होती. हुशार पोर, पण हट्टी. तिनं मुलाला बघितलं होतं, मुलानं तिला बघितलं होतं, दोघं खूश होती, आणि त्या काळी एवढं पुष्कळ होतं.

संक्रांत झाली आणि आकारामला खोकला लागला. कोरडा खोकला, अंगात कणकण. तिळगुळातला तीळ घशात अडकलाय म्हणून आम्ही त्याची थट्टा केली. थोड्याच दिवसांत तो विहिरीच्या पायऱ्या चढताना मध्येच बसला. बसल्या बसल्या हसत होता, पण हसायला त्याला दम पुरत नव्हता. पोतं उचलणारा माणूस रिकाम्या हातानं विहिरीतून वर येऊ शकला नाही. मला भीती वाटली ती त्या दिवशी.

तालुक्याच्या एका डॉक्टरानं छातीला नळी लावली, डोळ्याखालची कातडी ओढून बघितली आणि टीबीच्या सुया सुरू केल्या. मी त्याचा दोष काढत नाही. त्या काळी जुना खोकला म्हटला की टीबी, आणि बहुतेक वेळा तो असायचाही. पण सुई घेऊन आकाराम एसटीतून उतरायच्या आत बातमी पारावर येऊन बसली होती.

राहीबाईनं त्याच दिवशी लेकाचं ताट वेगळं केलं. जुनं जर्मनचं ताट काढलं आणि ओळखायला म्हणून त्याच्या काठावर खिळ्यानं खूण केली. यात माया कमी होती असं नाही. घरात लग्नाची पोर होती, तिला घर राखायचं होतं. आमच्याकडे बायका नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवतात. सासूनं पारूबाईला सांगितलं, आजपासून तू तुझं वेगळं वाढून घे. पारूबाई बरं म्हणाली आणि आकारामचं झाल्यावर त्याच खुणेच्या ताटात भाकरी कुस्करून जेवायला बसली. सासू बघत राहिली. परत त्या विषयावर दोघी बोलल्या नाहीत.

टीबी आला कुठून, हेही गावानं शोधून काढलं. त्याला फार वेळ लागला नाही. पारूबाईचा धाकटा भाऊ सिद्धू मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये टीबीनं गेला होता. त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि आकारामनं त्या मेव्हण्याला उभ्या आयुष्यात दोन-तीनदा पाहिलं असेल. पण गावाचं समाधान झालं. बायकोच्या माहेराकडून आला. मग आईकडून लेकीतही उतरला असणारच.

हे लोणंदकडं पोचायला एक आठवडी बाजार पुरला. नाथाजीचा निरोप आला की पाहुण्यांच्या तब्येतीचं कळवा. एवढाच निरोप, पण त्याचा अर्थ न कळायला घरात कुणी कुक्कुलं बाळ नव्हतं. टीबीच्या घरची पोरगी कुणी करत नाही. आणि एकदा सुपारी मोडली की पुढचं स्थळ येतं ते पहिली का मोडली हे विचारतच. पारूबाईला नवरा जगायला हवा होता आणि लेकीचं लग्न टिकायला हवं होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं तेव्हा तिलाही वाटलं नसेल.

त्याच आठवड्यात राहीबाईनं बाजारातल्या वैदूकडून कसली तरी मुळी आणवली. मुळी निखाऱ्यावर टाकायची, रोग्याच्या डोक्यावरून घोंगडं घ्यायचं आणि तो धूर त्याला छातीत ओढायला लावायचा. याला धुरी म्हणतात. मी ताक न्यायला गेलो तर सासू-सुनेची जुंपलेली. जुंपलेली म्हणजे सासू बोलत होती आणि सून ऐकत होती. शालू ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. ऐकता ऐकता पारूबाई उठली, मुळीची पुरचुंडी उचलली आणि परसात जाऊन उकिरड्यावर फेकून आली.

"आमच्या सिद्धूला बाबानं दोन वरसं धुरीच दिली," ती म्हणाली. "शेवटाला मिरजंला न्हेला, तवा डागदर म्हणला, आदी का न्हाई आणला. ह्यास्नी म्या धुरी देनार न्हाई."

एवढं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. हे ऐकायला आम्ही तिघंच होतो. आत आकाराम पडला होता, पण त्याच्या खोकल्यात त्याला काय ऐकू गेलं असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी कारखान्याची जीप मागून घेतली आणि त्याला मिरजेला नेलं. मी, दादासो आणि पारूबाई. वाटेत आकाराम सारखा म्हणत होता, काच खाली करा. त्या जीपला काच नव्हतीच, नुसतं ताडपत्रीचं टप होतं आणि माघातला वारा सरळ तोंडावर येत होता. पारूबाईनं हातानं काच उघडल्यासारखं केलं. तो जरा शांत झाला.

मिरजेच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर तरुण होते, सडपातळ, हळू बोलणारे. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरून मला दाखवला. जिथं काळं दिसायला हवं तिथं दोन्ही बाजूंना पांढरं धुकं होतं. थुंकी तपासली, आणखी काय काय तपासलं, आणि टीबी नाही म्हणून सांगितलं. सुया बंद केल्या, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, दुसरी औषधं चालू केली. मग ते खुर्ची घेऊन पारूबाईसमोर बसले आणि विचारत सुटले. घरात कबुतरं आहेत का, कुजकं गवत हलवलं का, उसाच्या चिपाडात काम केलं का, पिकावर औषध मारलं का, फौजेत कधी विषारी वायू लागला होता का. ती प्रत्येकाला नाही म्हणत गेली. शेवटी त्यांनी विचारलं, घरी काही झाडपाला दिला का, धूर वगैरे, खरं सांगा, मी रागावणार नाही. पारूबाईनं त्यांच्याकडे सरळ बघून न्हाई म्हणून सांगितलं. दादासो तेव्हा खाली चहाला गेला होता.

दोन-तीन दिवस उपचार करून डॉक्टरांनी मला आणि तिला बाहेर बोलावलं. फुप्फुसाला सूज येते, म्हणाले, आणि मग ते आवळत, घट्ट होत जातं. माणूस हवा ओढतो, पण ती रक्तात उतरत नाही. रोग फार क्वचित होतो आणि झाला की घोड्यावर बसून येतो. त्यांनी स्वतः याआधी असा एकच रोगी पाहिला होता. नाव विचारलं तर इंग्रजीत दोन साहेबांची नावं सांगितली, ज्यांनी तो पहिल्यांदा ओळखला त्यांची. म्हणजे रोगाला स्वतःचं असं नावसुद्धा नव्हतं. कशानं होतो, असं मी विचारलं. ते म्हणाले, माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, विलायतेतही नाही. मला तो माणूस आवडला. एवढं शिकून मान खाली न घालता माहीत नाही म्हणाला.

पारूबाईनं तीनच प्रश्न विचारले. लागट आहे का? नाही. टीबी नाही हे नक्की? नक्की. मग तिनं विचारलं, "रगतातनं लेकरांस्नी जातो का?"

इथं डॉक्टर थांबले. बहुतेक नाही, म्हणाले. पण एखाद्या घराण्यात दोघातिघांना झाल्याचं वाचलंय, तेव्हा शपथेवर सांगता येणार नाही. खरा माणूस, अगदी शेवटपर्यंत खरा. त्या क्षणी त्यानं थोडं खोटं बोलायला हवं होतं असं मला आजही वाटतं, आणि वाटल्याची लाजही वाटते.

नाथाजी डाळिंबं घेऊन भेटायला आले. पारूबाईनंच मला भरीस घातलं, पावण्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा म्हणून. डॉक्टरांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. टीबी नाही म्हटल्यावर नाथाजींचा चेहरा सैल झाला. कारण माहीत नाही म्हटल्यावर तो पुन्हा आवळला. खाली आवारात कडुलिंबाखाली आम्ही उभे राहिलो.

"मास्तर, टीबी असता तर परवडला असता," ते म्हणाले. "त्याला आता गोळ्या हायत. पर ज्याचं मूळच कुनाला ठावं न्हाई, त्यो उद्या पोरीत निघाला, न्हाईतर नातवात निघाला, तर म्या कुनाला इचारू?"

नाथाजी वाईट माणूस नव्हता. तसा असता तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. त्याला एकच मुलगा होता, आणि त्याला उत्तर हवं होतं. मी त्यांना स्टँडवर सोडून आलो आणि पारूबाईला काय ते सांगितलं. ती डाळिंब सोलत होती. सोललेले दाणे तिनं वाटीत तसेच ठेवले. आकारामला आता गिळतानाही धाप लागत होती.

त्याचा आवाज त्याच्या आधी गेला. शेवटी शेवटी तो एकेक शब्द वेगळा उचलून बोलायचा. एकदा मला जवळ बोलावून म्हणाला, तारीख. मग दम घेतला. मग म्हणाला, हलवू. आणखी दम. मग म्हणाला, नगा. वैशाखाची तारीख. हे पारूबाईनं ऐकलं. महिना संपायच्या आत, सकाळी उजाडताना तो गेला. मी भाऊ गेला म्हणून रडलो, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. डॉक्टरांनी हलक्या आवाजात विचारलं, उघडून बघायची परवानगी द्याल का, पुढच्या रोग्यांना उपयोग होईल. दादासो तापला. पारूबाईनं मात्र विचारलं, "बघितल्यावर कारन कळंल का?" डॉक्टर म्हणाले, रोगाची खात्री होईल, कारण कळेलच असं नाही. मग ऱ्हाऊ द्या, म्हणाली.

दहाव्याला सगळे सोयरे कृष्णेवर जमले. नाथाजीही आले. पिंडाला कावळा शिवेना की आमच्याकडे समजतात की जाणाऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग जवळचा माणूस पुढं होऊन मोठ्यानं कबूल करतो की तुझं अमुक काम मी करीन, आणि ते काम त्याला करावंच लागतं. मनातल्या मनात सगळ्यांनी ठरवलं होतं की कावळा थांबणार. आकारामचा जीव शालूत अडकलेला, तेव्हा नाथाजींना चारचौघांत पुढं व्हावंच लागणार. दादासोनं त्यांना मुद्दाम पुढच्या रांगेत उभं केलं होतं. पण पिंड ठेवून दादासो मागं सरकतो न सरकतो तोच कावळा उतरला, घास उचलला आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला. इतका भुकेला कावळा मी आजवर पाहिलेला नाही. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचा रागही आला. नाथाजी वाळूत आपल्या वहाणा शोधत होते.

घरी येऊन जेवणं झाली. सोप्यात पुरुषमंडळी बसली होती आणि कारण शोधायचं काम चालूच होतं. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं लढाईतला दारूगोळा उशिरा बाधला, आणि कुणी हळूच पारूबाईच्या माहेराकडे बोट दाखवलं. नाथाजी उठले, दादासोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की औंदाचं वरीस जाऊ द्या, मग बघू. असं म्हणून मोडलेली सोयरीक परत जुळलेली मी तरी पाहिली नाही. दादासोनं मान हलवली.

तेवढ्यात पारूबाई माजघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. पुरुषांच्या बैठकीत बाईमाणसानं येऊन बोलायची रीत नव्हती, आणि नवऱ्याच्या दहाव्याला तर नाहीच नाही.

"पावणं, जरा थांबा," ती म्हणाली. "माज्या लेकीत काय बी न्हाई. रोग न्हाई आन रगताचा दोष बी न्हाई. ह्यास्नी म्या धुरी दिली. आमच्या वरच्या अंगाची मुळी व्हती. शालू वढ्यावर गेली की लय वेळ घोंगड्याखाली धरलं. त्यो धूर छातीत बसला. डागदरला भ्यापायी सांगितलं न्हाई."

माजघरात शालू होती. तिच्या हातातलं काहीतरी पडल्याचा आवाज आला.

मी राहीबाईकडे बघितलं. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. मुळी कुणी आणली आणि कुणी उकिरड्यावर फेकली, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिनं एक शब्द काढला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. तिनं पदर कपाळावर ओढला आणि जमिनीकडे बघत राहिली. मी तोंड उघडणार होतो. मग दारामागं उभी असलेली शालू दिसली आणि मी ते मिटलं.

आणि गाव? गावानं सुटकेचा श्वास सोडला. मला त्या बैठकीत तो अक्षरशः ऐकू आला. आता सगळं जुळत होतं. छातीत धूर गेला म्हणून छाती गेली, ही गोष्ट शेंबड्या पोरालाही कळण्यासारखी. डोंगराकडची बाई, तिला झाडपाल्याचं वेड असणारच. कुणाला तर तिच्या लुगड्याला धुराचा वास आल्याचंही आठवलं. एकानं फौजदाराचं नाव काढलं, तेव्हा मात्र राहीबाई बोलली. ल्योक माजा गेला, फिर्याद माजी, आन मला करायची न्हाई, एवढंच म्हणाली. तो विषय तिथं मिटला.

नाथाजी परत बसले. त्यांनी पाणी मागितलं. ते पाणी पारूबाईनं आणू नये म्हणून दादासोची बायको लगबगीनं उठली, आणि पाणी पिऊन नाथाजी म्हणाले, तारीख वैशाखाचीच राहू द्या. पोरगी निर्मळ आहे. फक्त पुढं तिला इकडे कधी पाठवायची ते आम्ही ठरवू.

चार दिवसांनी पारूबाई मला विहिरीवर भेटली. मी तिला विचारलं, वैनी, हे का केलंत? खरं सांगायला डॉक्टर होते, मी होतो. तिनं घागर कठड्यावर ठेवली.

"डागदर खरंच बोलला, भावजी. ठाऊक न्हाई म्हणला. पर ‘ठाऊक न्हाई’शी कोन सोयरीक करतंय? माज्या लेकीच्या मागं जलमभर ते लागलं असतं. तिला शिंक आली तरी सासरची मान्सं दचकली असती." मग म्हणाली, "तुमी आन आत्याबाई, दोघांस्नीच ठावं हाय. शालूला कळू दिऊ नगा."

मी म्हटलं, शालूला तरी सांगू. निदान तिला. पारूबाईनं मान हलवली. तिला कळलं तर ती भांडत सासऱ्याला सांगायला जाईल, म्हणाली, माझी पोर मला माहीत आहे. घागर डोक्यावर घेऊन ती निघून गेली. शालू खरंच तशी होती. सातवीत एका मुलावर चोरीचा खोटा आळ आला, तेव्हा ही पोरगी माझ्याशी दिवसभर भांडली होती.

लग्न वैशाखात झालं. शालू निघताना सगळ्यांच्या पाया पडली. आईच्याही पडली, पण मान वर करून तिच्याकडे बघितलं नाही. गावानं पारूबाईला त्रास असा काही दिला नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. फक्त तिच्या हातचं कुणी काही खाईना की पिईना. लग्नकार्यात भाकरी थापायला आळीतल्या सगळ्या बायका जमायच्या, तिला बोलावणं नसायचं. पोरं तिच्या दारावरून जाताना नाक दाबायची. एकाला मी त्याबद्दल छडी मारली. का मारली ते सांगता येईना म्हणून आणखी एक मारली.

राहीबाईला दादासोनं आपल्याकडे राहायला बोलावलं. म्हातारी म्हणाली, माझी भाकरी पारूच करील. खिळ्यानं खूण केलेलं ते जर्मनचं ताट तिनं राखेनं घासून घेतलं आणि त्याच ताटात जेवायला लागली. मुलाच्या दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं, असं गावानं ठरवलं. याचंही कारण सापडलं होतं, त्यामुळे पुढं कुणी विचारलं नाही.

एकोणऐंशीच्या दिवाळीला शालू माहेरी आली. मधल्या काळात एक-दोनदाच आली होती, तीही उभ्या उभ्या. या खेपेला मानसिंगनं स्वतः आणून सोडलं होतं. बरोबर तिचा मुलगा, तीनेक वर्षांचा. पोराचा आवाज थेट आजोबाचा. तो अंगणात ओरडायचा आणि अर्धी आळी वळून बघायची. मी फराळाला गेलो तेव्हा राहीबाई बाजेवर बसली होती. तिला आता दिसत नव्हतं, पण त्या आवाजाकडे तोंड करून ती हसत होती.

पोरगं खोकत होतं. साधा खोकला, दिवाळीच्या तेलकट खाण्याचा. पारूबाई चुलीपाशी गेली. आलं ठेचलं, तुळशीची पानं टाकली, गुळाचा खडा टाकला आणि काढा उकळून कपात गाळला. फुंकर घालून निववला आणि नातवाला हाक मारली. पोरगं धावत आलं आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

शालू आतून आली आणि मुलाला मागं ओढलं.

"पोराला तू काय बी दिऊ नगंस," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. घाबरली होती.

मला राग आला. शालूचा नाही, तिला बिचारीला काय माहीत. त्या खोकल्याचा, त्या डॉक्टरच्या खरेपणाचा, भुकेल्या कावळ्याचा, सगळ्याचाच आला. पाच वर्षं तोंडात धरून ठेवलेली गोष्ट ओठांवर आली. पारूबाईनं माझ्याकडे बघितलं. मग शालूकडे वळून म्हणाली, "बरं. न्हाई देत." मुलगा खोकतोय म्हणून शालूच्या चेहऱ्यावर कसलीच काळजी नव्हती. खोकला हा तिच्या लेखी नुसता खोकला होता. ती भीत होती ती कपाला आणि आईच्या हाताला. पारूबाईला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते हे असं दिसत होतं.

ती कप घेऊन परत चुलीकडे निघाली. मी म्हटलं, वैनी, तो इकडे द्या. तिनं दिला. अर्धा कप पिऊन झाला तेव्हा बाजेवरून राहीबाईनं आमच्या दिशेनं हात पुढं केला.

"ऱ्हायलेला मला वत, पारू," म्हातारी म्हणाली.

पारूबाईनं कप तिच्या हातात दिला आणि तो सांडू नये म्हणून खालून आपला हात धरून ठेवला. शालू दारातून बघत होती. काढ्यात गूळ जरा जास्तच पडला होता.